खर्ड्यापुरती मिरची, एडिंबरोच्या खिडकीत

प्रश्न : मुलगा-सून एडिंबरोला असतात. स्वयंपाकासाठी नेलेल्या वाळल्या संकेश्वरी मिरचीतलं बी सुनेनं फेब्रुवारीत खिडकीतल्या कुंडीत टाकलं. महिना उलटला, एकही कोंब नाही. घरच्या मिरचीची चटणी तिथंच करायची तिची फार इच्छा आहे. एवढ्या थंडीत मिरची येते का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : येते, ताई. पण चटणीपुरती येणार नाही, खर्ड्यापुरती येईल. सूनबाईंना हे आधीच सांगून टाका, म्हणजे पुढचे कष्ट योग्य झाडावर होतील.

वर्षाच्या चटणीला किलोंच्या हिशेबात वाळलेली लाल मिरची लागते. आपल्याकडे पावसाळ्यात लावलेली संकेश्वरी झाडावर लाल होऊन गडहिंग्लजच्या बाजारात येते, तोवर थंडी पडलेली असते. एवढे महिने ऊब मिळाल्यावर ती तयार होते. एडिंबरोत जुलैतसुद्धा दुपारचा पारा सरासरी १९-२० अंशांवर थांबतो आणि सप्टेंबर सरला की उन्हाचा जोर संपतो. खिडकीतल्या दोन-चार झाडांना ओंजळ-दोन ओंजळ मिरच्या धरतील, त्या हिरव्याच खाव्यात. चटणी इथंच उन्हाळ्यात कांडून आणा आणि डब्यात भरून पाठवा.

आता बी का उगवलं नाही ते. खोलीत १९ अंश असले तरी काचेला लागून ठेवलेल्या कुंडीतली माती रात्री पार गार पडते. मिरचीच्या बीला मातीत २५ ते २८ अंश लागतात. माती १५ अंशांच्या खाली गेली की बी नुसतं पडून राहतं आणि ओलीत कुजतं. शिवाय बाजारातल्या वाळल्या मिरचीतलं बी किती जुनं, किती तापलेलं, कोण सांगणार? दहा बिया ओल्या कागदी रुमालात गुंडाळून डबीत घालून उबेत ठेवायला सांगा. दोन-तीन आठवड्यांत चार-पाच तरी फुटल्या नाहीत, तर त्या बियांचा नाद सोडावा. नवं बी तिथल्याच दुकानातून घ्यावं. परदेशातून बी न्यायला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, तेव्हा तुम्ही इथून पुडी पाठवू नका.

कुठली जात? माझं मत स्पष्ट आहे : केयेन. लांबट, पातळ सालीची, चांगली तिखट. आपल्या खर्ड्याला तीच जवळची. सोबत हालापेन्योचं एक झाड असावं, ती थंड हवेतही लवकर धरते, पण तिखटाला खूपच मवाळ. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापानं हालापेन्यो अडीच ते आठ हजार, तर केयेन तीस ते पन्नास हजार. अँडीज पर्वतातली रोकोटो नावाची मिरचीही हौशी लोक लावतात. जांभळी फुलं, काळ्या बिया, गार रात्री सोसते. मात्र ती तयार व्हायला फार वेळ घेते आणि दहिवर गोठलं की तीही जाते. पहिल्या वर्षी नको.

बी पेरल्यावर कुंडीवर प्लास्टिक घालून ती रेडिएटरच्या जवळ ठेवावी, थेट वर नको. रोपं तापवायची विजेची चटई मिळते, ती सगळ्यात उत्तम. कोंब दिसला की मात्र त्याच दिवशी उजेडात आणायचं. कोल्हापूर १७ अक्षांशाच्या आतबाहेर, एडिंबरो ५६वर. तिथं फेब्रुवारीचा उजेड इतका अशक्त असतो की रोप बारीक, लांबुडकं होऊन लोळतं. वाढीचा दिवा असेल तर फेब्रुवारीत पेरा, नसेल तर मार्चच्या मध्याला. जूनमध्ये तिथं दिवस साडेसतरा तासांचा असतो, उशिरा पेरलेलं रोप त्या उजेडात बरंच भरून काढतं.

पुढची खिडकी दक्षिणेचीच हवी. शेवटची कुंडी चार-पाच लिटरची पुरे. मोठ्या कुंडीत झाड पाला वाढवत बसतं आणि तिथं तेवढी सवड नाही. रात्रीचा पारा १२ अंशांच्या खाली जात असेल तर झाड बाहेर काढू नये. फुलं आली की रोज दुपारी देठाला हलकी टिचकी मारावी. बंद घरात ना वारा ना माशी, परागकण झडणार कसे? फुलोऱ्यापासून टोमॅटोचं पोटॅशवालं खत द्यावं. पहिल्या मिरच्या हिरव्या असतानाच तोडाव्यात, तरच झाड पुढची फुलं धरतं.

ऑक्टोबरात झाड टाकून देऊ नका, हे आवर्जून सांगा. मिरची बहुवर्षायू आहे. वीतभर ठेवून छाटावी, घरात उजेडाला ठेवावी, पाणी अगदी बेताचं. मार्चमध्ये पालवी फुटते आणि दुसऱ्या वर्षी मिरच्या कितीतरी आधी लागतात.

आणि खर्डा! तव्यावर थोड्या तेलात मिरच्या डाग पडेस्तोवर भाजायच्या, लसूण आणि जाडं मीठ घालून तव्यावरच तांब्याच्या बुडानं रगडायच्या. हालापेन्यो जाड आणि पाणीदार, तिला जास्त वेळ भाजावं आणि आतला पांढरा गाभा अजिबात काढू नये. तिखटपणा त्या गाभ्यात असतो, बियांत नव्हे. भाजताना खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खकाण्यानं घरभर ठसका लागेल. उरलेल्या मिरच्या अख्ख्या फ्रीझरमध्ये ठेवाव्यात. तिथल्या दमट हवेत वाळत घातल्या तर बुरशी धरतात.

प्रश्न : एप्रिलमध्ये गच्चीवरच्या मिरचीची सगळी फुलं गळतात. औषध कोणतं फवारू?
– एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : पानं चांगली असतील तर औषध नको. पारा ३५च्या पुढे गेला की मिरची फूल धरत नाही, जशी गारठ्यातही धरत नाही. दुपारी शेडनेटची सावली, सकाळी भरपूर पाणी, मातीवर पाल्याचं आच्छादन आणि युरिया बंद. पानं आक्रसून वाटीसारखी झाली असतील, तर तो चुरडा-मुरडा, म्हणजे पानं मुरडण्याचा रोग. शेंडा खुडून प्लास्टिकच्या पिशवीत घालून कृषी सेवा केंद्रात दाखवा.