३० नोव्हेंबरला रासायनिक युद्धातल्या बळींचा स्मृतिदिन असतो. तो पाळून खरंच काही साधतं का?

साधतं, असं माझं ठाम मत आहे. हलब्जाचंच बघा. १६ मार्च १९८८ ला उत्तर इराकमधल्या या कुर्दी गावावर विमानं आली, तशी माणसं पोराबाळांना घेऊन तळघरात शिरली. साध्या बॉम्बपासून तळघर वाचवतं. पण हे वायू हवेपेक्षा जड, ते खालीच उतरतात. सफरचंदासारखा वास आला होता, असं त्यातून जिवंत राहिलेले लोक सांगतात. सद्दामच्या राजवटीने केलेल्या त्या हल्ल्यात ५,००० च्या आसपास माणसं गेली. आदल्याच वर्षी इराणमधल्या सरदश्तवर मस्टर्ड वायू टाकला होता. तिथे फुप्फुसं भाजलेली माणसं पुढची कित्येक वर्षं धापा टाकत जगली.

अशा आठवणींच्या रेट्याशिवाय रासायनिक अस्त्रांवरच्या बंदीचा करार झाला नसता, असं मला वाटतं. तो २९ एप्रिल १९९७ पासून लागू आहे, १९३ देश त्यात आहेत. या करारावर देखरेख करणाऱ्या हेगमधल्या संस्थेचे निरीक्षक जागेवर जाऊन साठे नष्ट झाल्याची खात्री करतात. भारताने आपला साठा २००९ मध्ये संपवला, अमेरिकेने जुलै २०२३ मध्ये. जाहीर केलेल्या साठ्यांतला तो शेवटचा.

'जाहीर केलेल्या' हा शब्द महत्त्वाचा. सीरिया २०१३ मध्ये करारात आला, तरी २०१७ मध्ये तिथल्या खान शेखूनमध्ये सारिन या विषारी वायूने लहान मुलं मेली. इजिप्त आणि उत्तर कोरिया तर अजून बाहेरच आहेत.