कोल्हापूरजवळ गाड्यांचा त्रास नसलेला, सपाट, शेतातनं जाणारा सायकलचा रस्ता कुठला?

तुम्ही लिहिलंय की आई 56 वर्षांच्या आहेत, आत्ताच सायकल घेतलीय, चढ नको, गाड्या नकोत, आणि ज्याला विचारलं त्यानं एकतर पन्हाळा सांगितला नाहीतर हायवेचा सर्व्हिस रोड. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले.

पन्हाळा विसरा. सर्व्हिस रोडवर तर आईंना नेऊच नका, तिथं उलट्या बाजूनं येणारी टू-व्हीलर ही रोजची गोष्ट आहे. रंकाळा चालायला चांगला, पण सायकलवाल्याला दर दहा फुटाला घंटी मारायला लागती, त्यात कसली मजा. आपल्याकडं सायकलसाठी वेगळा ट्रॅक कुणी बांधायची वाट बघायची गरजच नाही, तो आधीपासनं आहे आणि त्याला पाणंद म्हणतात. दोन्हीकडं ऊस, मधनं बैलगाडीची वाट, आणि पंचगंगेचं खोरं इतकं सपाट की गियर बदलायची वेळ येत नाही.

मी सायकल शिकले तीच पाणंदीत. माहेर नदीपलीकडचं, हायस्कूल शेजारच्या गावात चार किलोमीटरवर. डांबरी रस्त्यानं ऊसतोडीच्या सीझनमधे ट्रॉल्या आणि बाकी वर्षभर कट्ट्यावर बसलेली पोरं, म्हणून वडिलांनी सांगितलेलं की पाणंदीनं जायचं. त्यांची काळी 24 इंची सायकल, सीटवर बसलं तर पाय पोचायचे नाहीत, मग नळीखालनं पाय घालून हाफ पायडल मारत जायची, दप्तर कॅरियरला आणि डबा हँडलला. दोन बैलगाड्या आरामात एकमेकीला पास व्हायच्या एवढी रुंद पाणंद होती. दिवाळीनंतर वाटेतलं गुऱ्हाळ सुरू झालं की काहिलीत आटणाऱ्या रसाचा वास लांबूनच यायचा, तिथली मावशी हातावर गरम काकवी घालायची, ती चाटत एका हातानं सायकल चालवायला मी तिथंच शिकले.

लग्नानंतर सायकल सुटली ती सुटलीच. 46 व्या वर्षी मुलाची पडून असलेली हायब्रिड काढली आणि पहिल्याच रविवारी कसबा बावड्यातनं बंधारा ओलांडून माहेरच्या पाणंदीत गेले. तर पाणंद कुठाय? माझ्या चुलतभावानं, मी त्याला दादाच म्हणते, दरवर्षी वीतभर बांध कोरत कोरत पार गाडीच्या चाकोरीत ऊस आणलेला. एक सायकल जेमतेम जाईल एवढी फट, उसाच्या पात्यानं दोन्ही हात कापून निघाले. दादाला म्हटलं अरे ही काय तुझी एकट्याची आहे का, तर म्हणाला, "तुला सायकल फिरवायला पाणंद पाहिजे व्हय? माझ्या दोन सऱ्या जात्यात तिकडं." त्यावर माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं, आणि त्याचंच वाईट वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं तोंडाशी तारेचं कुंपणच घातलं. आता आमचा ऊस बाहेर काढायचा कसा? आतल्या आणखी दोघांचं तेच दुखणं, ऊसतोडीची टोळी आली तरी ट्रॉली आत जाईना, वाड्याचे म्हणजे उसाच्या शेंड्यांचे भारे करावेत तशा मोळ्या डोक्यावरनं बाहेर. वडिलांच्या माघारी सातबाऱ्यावर भावाबरोबर माझं पण नाव आहे (हक्कसोडपत्र दे म्हणून लोकांनी कमी सांगितलं नव्हतं), म्हणून अर्ज मी केला. भाऊ म्हणाला मी भावकीत तोंड दाखवू कसं. मी म्हटलं तू घरात बस, मी जाते.

हे जरा सविस्तर लिहिते कारण तुमच्या आईंना आज मोकळी दिसलेली पाणंद दोन वर्षांनी तशीच असेल याची काही खात्री नाही. आधी गाव नकाशा काढायचा. त्यात जुनी गाडीवाट तुटक दुहेरी रेषेनं दाखवलेली असती, तिची रुंदी 16.5 ते 21 फूट धरतात, आणि एकेरी तुटक रेष म्हणजे पायवाट. मग आपल्या शेताची वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडं दावा करायचा, पण अडवल्यापासनं सहा महिन्यांच्या आत. बांधावरनं नवीनच रस्ता पाहिजे असेल तर ते वेगळं, ते जमीन महसूल संहितेचं कलम 143. मला आधी कुणीतरी 143 चाच अर्ज लिहून दिलेला, तो बदलण्यात महिना गेला. कुंपण घातल्याची तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवली होती, ती उपयोगी पडली.

स्थळपाहणीला तलाठी आणि सर्कल (मंडळ अधिकारी) आले तेव्हा निम्मं गाव गोळा झालेलं. पंचनाम्यात दादा मोठ्यानं म्हणाला की इथं कधी वाट नव्हतीच. त्याच्या मागं बांधावर चिंच होती, तिच्या बुडाला गाड्यांचे आख घासून घासून खोडाला कमरेएवढ्या उंचीवर गुळगुळीत खाच पडलीय. मी काही बोलले नाही, सर्कलसाहेबांना तिथं नेलं आणि त्यांचा हात त्या खाचेवर ठेवला. नकाशा होताच, पण त्या खाचेनंतर दादा गप्प बसला.

निकाल आमच्या बाजूनं लागला, जेसीबी आला, नंतर मुरूम पण पडला. दादा तेव्हापासनं माझ्याशी बोलत नाही. पण गेल्या दोन्ही सीझनला त्याचाच ऊस त्याच पाणंदीनं कारखान्याला गेला, ट्रॉली थेट फडात. दोन सऱ्यांचा हिशोब त्यानं आता करून बघावा. आणि सायकल फिरवायला पाणंद पाहिजे का, तर हो दादा, सायकल फिरवायला पण पाहिजे. शाळेला जाणाऱ्या पोरीला पाहिजे, गुडघे दुखणाऱ्या बाईला पाहिजे, तुझ्या बैलाला जेवढा हक्क तेवढाच त्यांना.

असो, रूट. आईंना सुरुवातीला कसबा बावडा, राजाराम बंधारा, वडणगे आणि तिथनं आतल्या रस्त्यांनी प्रयाग चिखली. जाऊन येऊन वीस किमीच्या आसपास, चढ म्हणावा असा नाही, वडणग्यातनं जोतिबाचा डोंगर समोर दिसत राहतो पण तो चढायचा नसतो हे त्यातलं सुख. चिखलीला संगमावर थोडं बसा, सकाळच्या उन्हात नद्या एकत्र होताना बघायला कुणाला कंटाळा येत नाही. परत येताना त्याच वाटेनं या, शिवाजी पुलाकडनं येऊ नका, तो रत्नागिरी रोड आहे.

सवय झाली की शिरोळ तालुका. सपाट म्हणजे खरा तिकडंच. सायकली गाडीला लावून कुरुंदवाडपर्यंत जा आणि तिथनं अकिवाट, सैनिक टाकळी करत खिद्रापूर. कोपेश्वराच्या स्वर्गमंडपात वर गोल मोकळं आकाश आहे, घामेजून गेल्यावर त्याखाली थंडगार दगडावर पाच मिनिटं बसलं की परतीचं अंतर जाणवत नाही. येताना नरसोबाच्या वाडीला दर्शन आणि बासुंदी. फोनमधल्या नकाशात पाणंदी दिसत नाहीत, त्या गावातल्या माणसाला विचाराव्या लागतात, आणि विचारलं की कुणी ना कुणी चार पावलं बरोबर येऊन दाखवतं.

काही गोष्टी आधीच सांगायला पाहिजे होत्या. पूर्ण बिनवाहनाचं असं यातलं काहीच नाही, बंधाऱ्यावर टू-व्हीलर असतातच आणि अरुंद आहे, तिथं आईंना उतरून चालायला सांगा, त्यात कमीपणा काही नाही. पावसाळ्यात बंधारे पाण्याखाली जातात, कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत, पावसाच्या आधी बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेले असतात आणि पाणी वरनं जातं. राजाराम बंधाऱ्याला 39 फूट इशारा पातळी आणि 43 धोक्याची, पण बंधारा त्याच्या कितीतरी आधी बुडतो, तेव्हा आकडे बघत बसू नका, जून ते सप्टेंबर तिकडं जायचंच नाही. चिखली-आंबेवाडीनं 2019 च्या महापुरात काय सोसलंय ते तिथल्या भिंतींवर अजून दिसतं.

नोव्हेंबर ते मार्च ऊस चालू असतो, तेव्हा डांबरी जोडरस्त्यावर सकाळी साडेआठनंतर राहू नका. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागनं आला तर जागा मिळेल ही अपेक्षा ठेवायची नाही, उतरून बाजूला व्हायचं. ऊस उभा असताना पाणंदीच्या वळणावर पलीकडचं काही दिसत नाही, घंटी वाजवत जायचं. तोडलेल्या फडात पाचटात पाय घालायचा नाही, घोणस असती. रोड बाईकचे बारीक टायर इथं चालत नाहीत, 38-40 मिमी रुंदीचे घ्या, येड्या बाभळीच्या काट्यासाठी एक जादा ट्यूब ठेवा. आणि वळीव पडून गेला की दोन दिवस पाणंदीत जाऊ नका, काळ्या रानाची चिकट माती मडगार्ड आणि टायरच्या मधे अशी बसते की चाक फिरतच नाही, मी एकदा दीड किलोमीटर सायकल खांद्यावर आणलीय, आईंच्यानं ते व्हायचं नाही.