नोंदणी नाही म्हणून हक्क नाही?

वाचकांच्या पत्रांत कॉपीराइटच्या नोंदणीविषयीचे प्रश्न वारंवार येतात आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी एकच समजूत असते, ती म्हणजे सरकारी प्रमाणपत्र हातात पडल्याशिवाय लेखकाला कोणताही हक्क मिळत नाही. या वेळचे चार प्रश्न त्याच विषयावरचे आहेत.

प्रश्न : माझ्या कथासंग्रहातील काही कथा एका संस्थेने माझी परवानगी न घेता ध्वनिमुद्रित करून प्रसारित केल्या. मी नोटीस पाठवल्यावर त्यांच्या वकिलांनी कळवले, की संग्रहाची कॉपीराइट कार्यालयात नोंदणी नसल्यामुळे मला दावा लावण्याचा अधिकारच नाही. हे खरे आहे का?

उत्तर : नाही. ही भूमिका कायद्याच्या शब्दांतही बसत नाही आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आजच्या भूमिकेशीही जुळत नाही. मात्र ती निव्वळ हवेतून आलेली नाही, त्यामुळे तिचा उगम आपल्याला माहीत असलेला बरा.

भारतात कॉपीराइट अधिनियम, 1957 लागू आहे. त्याच्या कलम 13 प्रमाणे मूळ साहित्यकृतीला संरक्षण मिळते आणि ते कृती लिहून पूर्ण होताच मिळते; त्यासाठी कोठेही अर्ज करावा लागत नाही. नोंदवहीची तरतूद कलम 44 मध्ये असून कलम 45 म्हणते, की लेखक, प्रकाशक किंवा हितसंबंधी व्यक्ती नोंदणीसाठी अर्ज ‘करू शकेल’. ‘केलाच पाहिजे’ असे तेथे म्हटलेले नाही. हक्कभंग कशाला म्हणावे हे सांगणाऱ्या कलम 51 मध्ये आणि मनाईहुकूम, नुकसानभरपाई व नफ्याचा हिशेब हे उपाय देणाऱ्या कलम 55 मध्येही नोंदणीची अट नाही. याउलट व्यापारचिन्ह अधिनियम, 1999 च्या कलम 27 मध्ये, नोंदणी नसलेल्या चिन्हाच्या भंगाबद्दल दावा लावता येणार नाही, असे संसदेने स्पष्ट लिहिले आहे. एका कायद्यात जी अट शब्दांत घातली आणि दुसऱ्यात घातली नाही, ती दुसऱ्या कायद्यात न्यायालयाने स्वतःहून वाचू नये, हा अर्थनिर्णयाचा साधा आणि माझ्या मते न्याय्य नियम आहे.

असे असूनही मुंबई उच्च न्यायालयाच्या एका एकलपीठाने 2012 मध्ये, संगणक प्रणालीविषयीच्या एका वादात, दिवाणी किंवा फौजदारी उपाय मागण्यापूर्वी नोंदणी आवश्यक असल्याचे म्हटले. नोंदवही, तिच्यातील नोंदी आणि त्यांचे परिणाम यांसाठी कायद्यात स्वतंत्र प्रकरण दिले आहे, तर ते निरर्थक कसे मानता येईल, असा विचार त्यामागे होता. पुढे कित्येक वर्षे प्रतिवादींचे वकील हाच निर्णय पुढे करत राहिले आणि आपल्याला आलेल्या उत्तरामागेही बहुधा तोच असावा. मार्च 2021 मध्ये त्याच उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी ‘संजय सोया’ या कंपनीच्या खाद्यतेलाच्या वेष्टनाविषयीच्या प्रकरणात हा प्रश्न पुन्हा तपासला. 2012 चा निर्णय देताना याच न्यायालयाचे आधीचे निर्णय विचारात घेतले गेले नव्हते, म्हणून तो बंधनकारक पूर्वनिर्णय ठरत नाही, आणि कॉपीराइटच्या दाव्यासाठी पूर्वनोंदणी लागत नाही, असे त्यांनी निःसंदिग्ध शब्दांत नमूद केले. कलकत्ता, मद्रास, केरळ आणि अलाहाबाद येथील उच्च न्यायालयांनी हाच अर्थ त्याच्या कितीतरी आधी लावलेला होता.

आपल्या बाजूने आणखी एक तरतूद आहे आणि तिची आठवण लेखकांना फारच कमी वेळा करून दिली जाते. कलम 55 च्या पोटकलम 2 प्रमाणे, प्रकाशित प्रतींवर लेखक म्हणून जिचे नाव छापलेले आहे तीच व्यक्ती लेखक असल्याचे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी समोरच्यावर असते. म्हणजे आपल्या संग्रहाची छापील प्रत हाच आपला पहिला पुरावा होय. दावा कलम 62 नुसार आपण राहता त्या ठिकाणच्या जिल्हा न्यायालयातही लावता येतो. मात्र त्याआधी प्रकाशकाशी केलेला करार नीट वाचावा. ध्वनिरूपाचे हक्क आपण त्यांना दिले असतील आणि त्यांनी ते पुढे या संस्थेला दिले असतील, तर वाद नोंदणीचा राहणार नाही, तो कराराचा होईल.

प्रश्न : माझ्या एका चित्राची नोंदणी दुसऱ्याच व्यक्तीने स्वतःच्या नावावर करून घेतली आहे. माझ्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांच्याकडे आहे. आता चित्र त्यांचे झाले का?

उत्तर : झाले नाही. नोंदणीने मालकी निर्माण होत नाही. कलम 48 प्रमाणे नोंदवहीतील तपशील हा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो, म्हणजे विरुद्ध पुरावा येईपर्यंतच तो टिकतो. कार्यालय अर्जातील प्रत्येक विधानाची साक्षीपुराव्याने चौकशी करत नाही. कॉपीराइट नियम, 2013 नुसार अर्जदाराने इतर हितसंबंधी व्यक्तींना अर्जाची सूचना द्यायची असते आणि अर्ज मिळाल्यापासून 30 दिवसांत कोणी हरकत घेतली नाही, तर निबंधक स्वतःचे समाधान झाल्यावर नोंद करतात. ज्याला कळवायलाच हवे होते त्याला मुद्दाम अंधारात ठेवले, तर खोटी नोंदही होऊ शकते, हा या पद्धतीतला खरा दोष आहे.

त्यावर उपाय कलम 50 मध्ये आहे. चुकीने झालेली किंवा चुकीने राहिलेली नोंद काढून टाकण्यासाठी अथवा दुरुस्त करण्यासाठी व्यथित व्यक्ती उच्च न्यायालयाकडे अर्ज करू शकते. जाणूनबुजून खोटी नोंद करणे किंवा करवून घेणे हा कलम 67 खाली गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आपण चित्राची कच्ची रेखाटने, मूळ संगणकीय फाइल, ते कोणाला पाठवले असल्यास ते ईमेल आणि प्रदर्शनात मांडले असल्यास त्याची माहितीपत्रिका एकत्र करावी. इलेक्ट्रॉनिक नोंदी हजर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 63 खालील प्रमाणपत्र लागते, त्यामुळे मूळ फाइल आणि ती ज्या उपकरणात आहे ते उपकरण सांभाळून ठेवावे. फाइल पुनःपुन्हा उघडून नव्या नावाने साठवत राहिल्यास तिच्या तारखेवरच वाद उभा राहतो.

प्रश्न : पुस्तकाला आयएसबीएन घेतला आणि हस्तलिखित सीलबंद पाकिटात स्वतःलाच टपालाने पाठवून ठेवले, तर नोंदणीचे काम होते का?

उत्तर : नाही. आयएसबीएन हा पुस्तक ओळखण्याचा क्रमांक आहे आणि त्याचा स्वामित्वहक्काशी संबंध नाही. सीलबंद पाकिटाला कायद्यात कोणतेही विशेष स्थान नाही, शिवाय ते आधी उघडेच पाठवून नंतर चिकटवले, असा आक्षेप सहज घेता येतो. त्यापेक्षा नोंदणीच करावी. साहित्यकृतीसाठी नियमांत 500 रुपये शुल्क आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. नोंदणी सक्तीची नाही याचा अर्थ ती निरुपयोगी आहे असा नाही. तातडीचा मनाईहुकूम मागताना तारखेसह असलेला सरकारी कागद न्यायाधीशांसमोर ठेवता येणे ही मोठी सोय आहे.

प्रश्न : माझे लेख एका अमेरिकी संकेतस्थळाने उचलले आहेत. तेथेही नोंदणीशिवाय दावा चालतो का?

उत्तर : येथे मात्र सावध राहावे लागेल. कॉपीराइटविषयीच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार इतर सदस्य देशांतील लेखकांच्या हक्कांसाठी कोणतीही औपचारिकता लादता येत नाही. भारत 1928 पासून या करारात आहे, तर अमेरिका 1989 मध्ये आली. आल्यानंतरही अमेरिकेने स्वतःच्या देशातील कृतींसाठी दाव्यापूर्वी नोंदणीची अट कायम ठेवली आणि परदेशी कृतींना तिच्यातून वगळले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये ‘फोर्थ इस्टेट’ खटल्यात एकमताने ठरवले, की नुसता अर्ज दाखल करणे पुरेसे नाही. कार्यालयाने नोंदणी केल्यानंतर किंवा नाकारल्यानंतरच दावा लावता येतो. 2022 मधील ‘युनिकलर्स’ खटल्यात त्याच न्यायालयाने अर्जदाराला दिलासा दिला. अर्जातील चूक वस्तुस्थितीच्या किंवा कायद्याच्या प्रामाणिक अज्ञानातून झाली असेल, तर केवळ तिच्यामुळे नोंदणी निष्फळ ठरत नाही.

आपले लेख प्रथम भारतातील छापील नियतकालिकात आले असतील, तर दाव्यापूर्वी नोंदणीची अट आपल्याला सामान्यतः लागू होणार नाही. ते प्रथम इंटरनेटवर आले असतील, तर त्यांचे प्रकाशन एकाच वेळी जगभर झाले असे मानायचे का, यावर तेथील न्यायालयांमध्ये मतभेद आहेत. शिवाय कायद्याने ठरवून दिलेली नुकसानभरपाई, जी सर्वसाधारणपणे प्रत्येक कृतीमागे 750 ते 30,000 डॉलर आणि हेतुपुरस्सर भंग असल्यास 1,50,000 डॉलरपर्यंत असू शकते, ती आणि वकिलाचा खर्च मिळण्यासाठी नोंदणी हक्कभंगापूर्वीची किंवा प्रथम प्रकाशनापासून तीन महिन्यांच्या आतली असावी लागते. ही अट परदेशी लेखकांनाही आहे. ती पूर्ण होत नसेल, तर प्रत्यक्ष झालेले नुकसान आणि समोरच्याने मिळवलेला नफा सिद्ध करून तेवढेच मागता येते. म्हणून प्रथम त्या संकेतस्थळाला आणि ते ज्यांच्या सर्व्हरवर आहे त्या कंपनीला लेख काढून टाकण्याची रीतसर सूचना पाठवावी. त्या सूचनेसाठी नोंदणी लागत नाही आणि बहुतेक वेळा न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाण्याची गरजही उरत नाही.