कलांचोवर खोकं घाल

वाई,
डिसेंबरचा दुसरा आठवडा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पत्र आपलं म्हणायचं. रात्री पावणेतीनला मोबाइलवर येऊन पडलेला भला मोठा मजकूर होता तो. पण शेवटी ‘ता. क.’ घालायला विसरली नाहीस, म्हणून त्याला पत्राचा मान दिला आणि उत्तर कागदावर लिहायला घेतलं. ता. क. मध्ये तू विचारलंयस, ‘बाई, गेल्या वर्षी फुलांसकट आणलेला कलांचो यंदा फुलतच नाही. पानं मात्र लुसलुशीत आहेत. काय चुकतंय?’ आणि त्याच्या वर चार परिच्छेद थंडी, सातव्या मजल्यावरची एकटी खोली, ऑक्टोबरात संपलेलं ते प्रकरण, आणि ‘लोकांना हिवाळ्यात एवढी मजा कसली वाटते’ हा प्रश्न.

मी शिक्षिका आहे. उत्तर येतं तो प्रश्न आधी सोडवते.

कलांचोचं दुखणं तुझ्या त्या ‘पावणेतीन’मध्येच आहे. बारावीला मी तुम्हाला ‘शॉर्ट डे प्लांट’ शिकवलं होतं. कलांचो त्यातलाच. तू व्याख्या घोकलीस, मार्क घेतलेस आणि विसरलीस. बहुतेक जण तेच करतात. मुळात ते नावच फसवं आहे. अशा झाडांना फुलायला लहान दिवस लागतो असं आधी वाटलं, म्हणून ते नाव पडलं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर या दोघांनी, कपड्यांना ज्याची काटेरी फळं चिकटतात अशा एका रानटी झुडपावर प्रयोग करून दाखवलं, की झाड दिवस मोजतच नाही, रात्र मोजतं. आणि रात्र सलग हवी. अंधाराच्या मध्यावर थोडा वेळ दिवा लावला की मोजणी बाद. आपल्याला वाटतं एका लांब रात्रीत जरासा उजेड झाला. झाडाच्या लेखी त्या दोन आखूड रात्री असतात. शेवंती याच जातकुळीतली. शेवंतीचा बहर पुढे ढकलायचा असेल तर शेतकरी रात्री शेतात दिवे लावतात, ते याचसाठी. आमच्या कोपऱ्यावर एक पॉइन्सेटिया होता, लांब रात्रींत वरची पानं लाल होणारा. रस्त्याच्या दिव्याकडची त्याची बाजू डिसेंबरातही हिरवीगार आणि भिंतीकडची लालभडक. वर्गाला न्यायचे मी तो दाखवायला. पुढे गटारासाठी तोडला.

आता तुझी खोली बघ. रात्रभर तू अमेरिकेशी बोलतेस, डोक्यावर ट्यूबलाइट. तुझ्या कलांचोला वर्षभरात रात्र झालेलीच नाही. पानं लुसलुशीत असणारच. जून महिना चालू आहे असं समजून वाढतोय बिचारा.

विश्वकोशाचं गाव म्हणून लोक वाईकरांकडून नेमकेपणाची अपेक्षा ठेवतात, तेव्हा उपाय नेमका सांगते. कुंडीवर बसेल एवढं पुठ्ठ्याचं खोकं घे. ऑनलाइन खरेदी इतकी करतेस, घरात असेलच. फटींवर काळा कागद लाव. संध्याकाळी ७ ला खोकं घालायचं, सकाळी ९ ला काढायचं. १४ तास. आपल्या भागात या दिवसांत रात्रच जवळजवळ १३ तासांची असते, म्हणजे निसर्गापेक्षा फार जास्त काही आपण मागत नाही. दिवसा खिडकीतलं चांगलं ऊन, पाणी कमी, माती वरून सुकल्याशिवाय नाही. असं सहा आठवडे, एकही रात्र न चुकवता. कळ्या जानेवारीच्या शेवटाला दिसाव्यात, फूल शिवरात्रीच्या सुमारास. संक्रांतीला नाही. आणि मध्यरात्री खोकं उचलून ‘आली का कळी’ असं बघायचं नाही. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

हे झालं सोपं.

मजेचं म्हणशील, तर मजा म्हणून जी काही विकायला ठेवलेली असते तिच्या वाटेला जाऊ नकोस. तुझे ऑफिसातले लोक हुरडा पार्टीला नेतील. जा हवं तर, पण पोहण्याचा तलाव आणि डीजे यांच्यामध्ये हुरडा मिळतो तो कागदी द्रोणात, गार. आगटीतून काढलेलं कणीस कुणीतरी तळहातावर चोळून, फुंकून, तो गरम दाणा आपल्या ओंजळीत टाकतं, त्याला हुरडा म्हणतात. ओंजळ मोकळी राहू नये म्हणून माणसं आगटीभोवतून हलत नाहीत. बाकी सगळी ज्वारी.

मी काय करते ते सांगते. माझ्या माजघराला दक्षिणेकडे एक खिडकी आहे. उन्हाळ्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा त्या खिडकीतून ऊन आत पाऊलही टाकत नाही. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो, दुपारी बारालासुद्धा आकाशात जेमतेम अर्ध्यावर असतो, आणि ऊन तिरकं होऊन थेट तिसऱ्या फरशीपर्यंत येतं. मी फरशीवर खडूनं रेघ मारते. दर आठवड्याला एक. २२ डिसेंबरच्या आसपास रेघ पुढे सरकायची थांबते, मग मागे फिरते. या वयात एवढी करमणूक पुरते. त्या उन्हाच्या चौकोनात पाट टाकायचा आणि मटार सोलायचे. सोललेल्यातले निम्मे पातेल्यात पडतात, निम्मे तोंडात. तुझ्या घरात दक्षिण कुठली ते मोबाइलवर बघ आणि सकाळचा चहा तिथे नेऊन पी. सातव्या मजल्यावर तर तुला कुणाच्या झाडाची सावलीही आड येणार नाही.

आणखी एक लक्षात ठेव, कारण तू लिहिलंयस की अंधार लवकर पडतो आणि घाबरायला होतं. आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. सर्वांत मोठ्या रात्रीची तो वाट बघत नाही. म्हणजे तू हे लिहिलंस तेव्हा संध्याकाळी लांबायला लागल्याही होत्या. सकाळी मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा उशिराच उजाडत राहतं. म्हणून संक्रांतीला तिळातिळानं दिवस मोठा होतो म्हणतात तेव्हा पहाटे उठणाऱ्या बायकांना ते खरंच वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. त्याचीच गोष्ट आता सांगते, कारण ऑक्टोबरातल्या प्रकरणावर मला सल्ला देता येत नाही.

१९८३ च्या मार्गशीर्षात माझं लग्न झालं. वाड्याचा एक भाग, अकरा माणसं. नवऱ्याशी बोलायचं म्हणजे पंगतीत वाढताना ‘भात?’ इतकंच. महिना होत आला तरी ह्यांचा आवाज मी दुसऱ्यांशी बोलतानाच ऐकला होता. मग संक्रांत जवळ आली. पहिली संक्रांत. सासूबाईंनी काळी चंद्रकळा आणून ठेवली, आणि हलव्याचे दागिने विकतचे नाहीत, घरचेच, हा त्यांचा हट्ट. नेमकं त्यांचं उजवं मनगट मुरगळलं. तेव्हा नव्या नवरीचे दागिने नव्या नवरीनंच करायचे ठरले.

हलवा तू केलेला नाहीस, म्हणून सांगते. पितळी परातीत खसखस घ्यायची. तिळावरही करतात, पण दागिन्यांच्या बारीक कामाला खसखस बरी. साखरेच्या पाकात थोडं दूध घालून मळी काढायची, पाक गाळायचा. शेगडीतले निखारे राखेखाली झाकलेले, परात जेमतेम कोमट. एकानं चमच्यानं पाक सोडायचा, थोडाथोडा, आणि दुसऱ्यानं बोटांच्या टोकांनी दाणे हलकेच फिरवत राहायचं, तो सुकेपर्यंत. मग पुढचा चमचा. घाई केली तर गोळा होतो, जोर लावला तर आलेले काटे मोडतात, आच वाढली तर साखर पिवळी पडते. हवा गार आणि कोरडी हवी, नाहीतर काटा धरतच नाही. एका दिवसात होत नाही ते. रोज थोडं, असं पाच-सहा दिवस. म्हणून पहाटे चारला बसायचं. शिवाय सहाला शेगडी अकरा जणांच्या चहासाठी मोकळी करून द्यायची असायची, ते वेगळंच.

पहिल्या पहाटे मी एकटी. डाव्या हातानं पाक, उजव्यानं दाणे, आणि निम्मा पाक परातीच्या काठावर. हे पाणी प्यायला म्हणून उठले. माझी तारांबळ बघितली, समोर पाट ओढला आणि माझ्या हातातला चमचा घेतला.

काय बोललो म्हणशील, तर सांगण्यासारखं काही नाही. पहिल्या दिवशी ‘घालू?’, ‘थांबा’, ‘आता घाला’. दोन तास एवढंच. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, कॉलेजात विषय कोणता होता. वनस्पतिशास्त्र म्हटलं. मग परीक्षा घेतल्यासारखं म्हणाले, ‘सांग, ही खसखस कशाची?’ मी म्हटलं, ‘अफूच्या बोंडातली.’ त्यांना माहीत नव्हतं. आईच्या हातचं, देवाला चालणारं, इतकं सोवळं प्रकरण, आणि आत अफू! इतके मोठ्यानं हसले की मी घाबरून पाकाचा हात त्यांच्या तोंडावर ठेवला. चौथ्या पहाटे मी बी.एड. करायचंय म्हणून सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत, दोन चमचे पाक घातला, आणि म्हणाले, ‘आईशी मी बोलतो.’ पाचव्या दिवशी माझ्या बोटांना फोड आले होते. त्यांनी वाटीतलं तूप घेऊन एकेका बोटाला लावलं. चमच्यानं नव्हे.

सासूबाई त्या सगळ्या दिवसांत जाग्या होत्या, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी कळलं. मनगट खरंच मुरगळलं होतं का, हे मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

संक्रांतीला बाजूबंद, कंठी, बिंदी, सगळं अंगावर चढलं. फोटो आहे. त्यात हे कुठेच नाहीत, बायकांच्या हळदीकुंकवात त्यांना कोण उभं करणार.

पुढे छत्तीस वर्षं संसार झाला. गोडीगुलाबीचा झाला असं तुला वाटू नये म्हणून सांगते, एका जमिनीच्या व्यवहारावरून आम्ही जवळजवळ दोन वर्षं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. मी ते विसरलेले नाही. पण थंडी पडली, कपाटातून स्वेटर निघाले, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर झाला की मला आठवतात त्या सहा पहाटाच. जमीन एप्रिल-मेमध्ये आठवते. का, ते कळत नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, ‘त्याच्याबरोबर पहाटे पाचला टपरीवर प्यायलेला चहा आठवला की आता राग येतो.’ येऊ दे. पण तो चहाच खोटा होता असं ठरवायची घाई करू नकोस. चहा गरम होता, तुला थंडी वाजत होती, तू हसली होतीस. पुढे तो माणूस कसा निघाला, हा हिशोब निराळ्या वहीत मांड.

फुलांचं एक राहिलंच. कलांचो फुलेपर्यंत खोली बिनफुलांची ठेवायची नाही. मंडईतून शेवंतीची जुडी आण, पिवळी किंवा पांढरी. रंग मारलेली निळी-बिळी नको. देठ तिरपे काप, पाण्यात बुडणारी पानं काढून टाक, पाणी एक दिवसाआड बदल. आठ-दहा दिवस सहज राहते. तिचा वास गोड नसतो, जरा कडवट, काढ्यासारखा असतो. तो सवयीनं आवडायला लागतो.

आता माझं काम. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, पण दर वर्षी मी मूठभर खसखस घेऊन बसते. शेगडी गेली, गॅसवर तवा आणि त्यावर परात. डावा हात आता थरथरतो. पाक पुन्हा काठावर जायला लागलाय, पहिल्या दिवशी गेला होता तसा. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी ये, जोडून तीन-चार दिवस रजा टाक. स्वारगेटहून वाईची एसटी धर. खंबाटकी घाट उतरून गाडी सुरूर फाट्याला वळली की स्वेटर घाल, तिथून हवा बदलते.

कुंडी मांडीवर घेऊन ये, म्हणजे रात्री चुकणार नाहीत. खोकं आणू नकोस. माझ्या माजघरात सातनंतर दिवा नसतो.

गजर चारचा लावलेला असेल. चमचा तू धर. बोलावंसं वाटलं नाही तर नुसतं ‘घालू?’ विचार.

तुझ्या
बाई