पिशवी काढली की अंग पुन्हा बाहेर येत नाही का?

प्रश्न : आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ६२ वर्षांच्या असून त्यांची तिन्ही बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातून झाली. गेली चार वर्षे त्यांचे अंग बाहेर येते. लावणीत दिवसभर ओणवे राहिल्यावर किंवा विहिरीवरून हंडा आणल्यावर ते इतके खाली येते की हाताने आत सारल्याशिवाय त्यांना लघवी होत नाही. डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितले आहे. पण शेजारच्या काकूंची पिशवी काढूनही पाच वर्षांनी त्रास परतला. जाळी बसवली तर कायमचा इलाज होतो का?

उत्तर : वासे कुजले की कौले घसरतात, त्यात कौलांचा दोष नसतो. गर्भाशयाचेही तसेच आहे. बाळंतपणात ताणलेले आणि पाळी गेल्यावर आणखी सैल पडलेले स्नायू व बंध त्याला तोलू शकत नाहीत, म्हणून ते उतरते. नुसती पिशवी काढली आणि योनीचा वरचा भाग मजबूत बंधाला टाके घालून अडकवला नाही, तर पुढे तोच भाग खाली येऊ शकतो. काकूंच्या बाबतीत नेमके काय झाले हे न तपासता सांगणे योग्य नाही, मात्र असे रुग्ण आम्ही वरचेवर पाहतो.

वरचा भाग योनीमार्गे टाके घालून अडकवण्याच्या दोन पद्धतींची ५ वर्षांची तुलना अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झाली. कडक निकषांनुसार अपयश सुमारे ६२ आणि ७० टक्के स्त्रियांमध्ये आढळले, आणि हे आकडे वाचून कोणीही घाबरेल. परंतु तपासणीत योनीची भिंत ठरावीक रेषेखाली दिसली तरी ते अपयशच धरले होते, आणि पुन्हा उपचार घ्यावे लागलेल्या स्त्रिया अनुक्रमे १२ व ८ टक्क्यांच्या आसपासच होत्या. म्हणजे काही वर्षांनी थोडे उतरणे बरेचदा घडते, तरी बहुतेकींचा जाच शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा कमीच राहतो.

जाळीबाबत, म्हणजे सैल भागाला आधार म्हणून बसवायच्या कृत्रिम धाग्यांच्या पट्टीबाबत, दोन गोष्टींची गल्लत होते. योनीमार्गे बसवायच्या जाळीची विक्री अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये थांबवली. पोटातून माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीला जाळीने बांधण्याची पद्धत अजून वापरात आहे आणि ती टिकतेही चांगली, पण ७ वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे १० टक्के स्त्रियांत जाळी योनीत उघडी पडल्याचे दिसले. तेव्हा 'कायमचा इलाज' हा शब्द मी तरी वापरणार नाही. पिशवी न काढता ती बंधाला अडकवण्याचाही पर्याय असतो. गर्भाशय राखून ते वर बांधण्याची एक पद्धत तर मूळच्या गोव्यातील शिरोड्याच्या डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते.

सासूबाईंना लघवीची अडचण असल्याने दुखणे अंगावर काढू नका. मूत्रपिंडांवर ताण आला आहे का, हे सोनोग्राफीत पाहून घ्या. पिशवी काढल्यावर वरचा भाग कशाला अडकवणार, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. लावणी तोंडावर असेल तर तोवर योनीत अंग आत तोलून धरणारी रिंग बसवून घेता येईल. ती ठरावीक काळाने दवाखान्यात तपासून, स्वच्छ करून घ्यावी लागते. जुनाट खोकला आणि बद्धकोष्ठता यांवर मात्र आताच उपचार करा, कारण दर खोकल्याला आणि कुंथण्याला टाक्यांवर जोर येतो. शस्त्रक्रिया भातकापणीनंतर ठेवलीत, तरी त्यापुढे किमान ६ आठवडे, शक्यतो ३ महिने, विहिरीवरचा हंडा कोण आणणार हे घरात आधी ठरवून ठेवा.