धडा चढवला, पण पोरांपर्यंत पोचला का?

या वेळी बहुतेक सगळी पत्रं एकाच विषयावर आलीत, ऑनलाइन धडे कसे बनवायचे आणि दुसऱ्याला कसे द्यायचे. चार प्रश्न घेतेय.

प्रश्न : ताई, मी अक्कलकोट तालुक्यात सहावीला गणित शिकवतो. लसाविवर मोबाइलवर ३८ मिनिटांचा व्हिडिओ केला, फळा लावून, सगळी उदाहरणं सोडवून, दोन रविवार गेले त्यात. गुगल क्लासरूमवर टाकला. पोरांनी उघडला पण कुणी शेवटपर्यंत बघितलाच नाही. एकाला विचारलं तर म्हणाला, "सर, तुम्ही काय सांगालाव ते कळंना." वर्गात तर हीच पोरं ऐकतात माझं. चुकतंय कुठं?

उत्तर : सर, तुमची मेहनत खरी आहे आणि ती वाया गेली असं मला वाटत नाही, पण वर्गातला तास जसाच्या तसा मोबाइलमध्ये उतरत नाही. वर्गात तुम्ही दर दोन मिनिटांनी कुणाला तरी उठवता, "ए, सांग रे पुढचं" म्हणता, मागच्या बाकावरचा तोंड वाकडं करतो ते बघून परत सांगता. व्हिडिओत हे सगळं गेलं, नुसतं बोलणं उरलं. म्हणून ३८ मिनिटांचे तुकडे करा, एकेक चार-पाच मिनिटांचा, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पोराला हातानं काहीतरी करायला लावा. एका तुकड्यात एकच गोष्ट.

आता लसाविच घ्या. मी हा धडा चादरीवर केला होता. आपल्याकडं घरटी एक तरी चादर असतेच, मुद्दाम काही आणायला लागत नाही. कागदावर चादरीचा काठ काढला, त्यावर फूल दर ६ इंचांनी येतं आणि खालची वेल दर ८ इंचांनी नव्यानं सुरू होते. सुरुवातीला दोन्ही एका रेषेत आहेत, तर परत एका रेषेत कधी येतील? एवढाच प्रश्न विचारला आणि व्हिडिओ तिथंच थांबवला, लसावि हा शब्दसुद्धा काढला नाही. पोरांनी मोजपट्टी घेऊन खुणा केल्या, ६, १२, १८, २४ आणि खाली ८, १६, २४. खुणा जुळल्या की पोरगं स्वतःच ओरडतं "२४!" आणि मग पुढच्या तुकड्यात सांगायचं की याला पुस्तकात लसावि म्हणतात.

खरी मजा चुकीच्या उत्तरांत आहे. गुगल फॉर्ममध्ये हाच प्रश्न टाका आणि पर्याय द्या २४, ४८, १४ आणि २. ज्यानं ४८ निवडलं त्यानं सरळ ६ गुणिले ८ केलंय, १४ वाल्यानं बेरीज केलीय, २ वाल्याचा मसावि आणि लसाविमध्ये गोंधळ आहे. तिघांची चूक वेगळी तर तिघांना उत्तरपण वेगळं पाहिजे ना? प्रश्नाच्या खाली तीन टिंबं असतात, तिथं उत्तरानुसार वेगळ्या सेक्शनला पाठवायची सोय आहे. ४८ वाल्याला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दाखवा, "४८ ला पण भेटतात बाळा, पण त्याच्या आधी कुठं भेटले का बघ." एवढं बोललात की पोरगं परत मोजायला बसतं. सगळ्या प्रश्नांना असं करायला जाऊ नका, एका धड्यात असा एक प्रश्न पुरे, नाहीतर तुम्हीच कंटाळाल.

आणि आवाज! चित्र थोडं हललं तर पोरं चालवून घेतात पण आवाज नीट नसला की लगेच बंद करतात. पंखा बंद करा, शेजारी यंत्रमाग असतील तर ते बंद असतानाची वेळ धरा, मोबाइल तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, भिंतीला चादर टांगा म्हणजे खोलीत घुमत नाही. आधी अर्धं मिनिट रेकॉर्ड करून हेडफोननं ऐका आणि मगच पुढं जा.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात शिकवते. सराव पत्रिका ड्राइव्हवर ठेवली आणि ग्रुपवर लिंक टाकली तर निम्म्या पालकांना परवानगी मागायला लागली, रात्री अकरापर्यंत मेल येत होते. वैतागून सगळ्यांना खुली केली तर कुणीतरी त्यातच उत्तरं लिहून ठेवली, मूळ फाइलच खराब झाली.

उत्तर : आधी खराब झालेली फाइल. गुगल डॉक असेल तर व्हर्जन हिस्टरीत जा, कालची प्रत तिथं असते, परत आणता येते.

आता शेअरिंग. "लिंक असलेले सगळे" हे निवडलंत ते बरोबरच, पण त्याच्या शेजारी अजून एक खिडकी असते, तिथं व्ह्यूअर ठेवायचं, तुमच्याकडून एडिटर राहिलं. म्हणजे बघता येतं, बदलता येत नाही. दुसऱ्या शिक्षकांना द्यायची असेल तर लिंकच्या शेवटी जो एडिट शब्द असतो तो आणि त्याच्या पुढचं काही असेल तर तेही काढून तिथं इंग्रजीत कॉपी लिहा, उघडली की त्यांना स्वतःची प्रत करायला विचारतं आणि तुमची फाइल आहे तशी राहते. पोरांसाठी तर क्लासरूममध्ये प्रत्येकाला वेगळी कॉपी द्यायचा पर्याय आहेच, फक्त तो असाइनमेंट टाकायच्या आधी निवडायचा, टाकल्यावर बदलता येत नाही. शाळेनं दिलेल्या मेल आयडीवरून बाहेरच्यांना शेअर होत नसेल तर ते शाळेच्या अॅडमिनकडून बंद असू शकतं, तुम्ही काही चुकवलेलं नसतं.

पाठवायच्या आधी लिंक इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या ज्या खिडकीत तुमचं खातं उघडं नसतं तिथं, उघडून बघत जा. तिथं उघडली तर पालकांकडं उघडेल. आणि पोरांची नावं, मार्क असलेली शीट चुकूनसुद्धा खुल्या फोल्डरमध्ये ठेवू नका, त्याला वेगळं फोल्डर करा आणि ते बंदच राहू द्या.

प्रश्न : मी केलेली प्रश्नपेढी एका ओळखीच्या शिक्षकांनी स्वतःचं नाव घालून चार ग्रुपवर टाकली. मला फार लागलं. यापुढं काही द्यायचंच नाही असं वाटतंय.

उत्तर : लागणारच. रात्र रात्र जागून केलेलं असतं. त्यांना फोन करून सरळ सांगा की हे माझं आहे, माझं नाव घाला. ग्रुपवर भांडू नका, फोनवर सांगितलं की बरेच जण ऐकतात.

पण देणं बंद करू नका हो. उलट देतानाच अट लिहून द्या. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणून परवाने असतात, २००२ पासून आहेत, फुकट, कुठं नोंदणी करायला लागत नाही. सीसी बाय म्हणजे कुणीही वापरा, बदला, पण माझं नाव ठेवा. त्यात एनसी जोडलं की धंद्यासाठी वापरता येत नाही, एसए जोडलं की बदल करून वाटलं तर तेही याच अटीवर खुलं ठेवावं लागतं. शिक्षकांच्या कामासाठी मला सीसी बाय एसए आवडतो. प्रत्येक पानाच्या तळाला एक ओळ टाका, तुमचं नाव, वर्ष, परवाना, नुसतं पहिल्या पानावर टाकलं तर ते पान काढून पुढं जातं. आणि हाच नियम आपल्यालाही आहे बरं, गुगलवर सापडलेलं चित्र उचलून धड्यात घालू नका, विकिमीडिया कॉमन्सवर खुली चित्रं मिळतात किंवा स्वतःच फोटो काढा. आपल्या भुईकोट किल्ल्याचा, नान्नजच्या माळरानाचा फोटो आपणच काढलेला जास्त शोभतो.

एक माझ्यावर बेतलेलं सांगते. माझे दोन वर्षांचे धडे एकाच फुकटच्या प्लॅटफॉर्मवर होते, तो बंद झाला आणि धडे गेले. जे धडे मी दुसऱ्या शिक्षकांना दिले होते तेवढेच त्यांच्याकडून परत मिळाले. तेव्हापासून मूळ व्हिडिओ आणि फाइल पेन ड्राइव्हवर ठेवतेच, आणि मागेल त्याला देतेच.

प्रश्न : मी विडी घरकुलात राहते, कॉलेजला आहे. संध्याकाळी गल्लीतल्या पोरांचा अभ्यास घेते. शाळा मराठी पण घरी सगळे तेलुगू बोलतात, लहान पोरांना गणिताची भाषाच कळत नाही. मी तेलुगूत धडे बनवले तर चालतील का? घरात एकच फोन असतो, तो वडलांकडं.

उत्तर : चालतील काय, बनवच. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी हेच केलं. मुलींची घरची भाषा कन्नड होती, तर सरांनी पुस्तकं त्यांच्या भाषेत आणली आणि त्यात क्यूआर कोड घातले, कोड स्कॅन केला की कविता, व्हिडिओ सुरू. २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळाला, १० लाख डॉलरचा, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी बाकीच्या अंतिम फेरीतल्या शिक्षकांना वाटून टाकली.

तू समजावणं तेलुगूत ठेव पण पुस्तकातले शब्द मराठीच ठेव, छेद, अंश, लसावि, कारण पेपरात तेच येणारेत. फोन रात्रीच मिळणार असेल तर व्हिडिओच्या मागं लागू नकोस, दोन मिनिटांचे व्हॉइस मेसेज कर, त्याला डेटा कमी लागतो आणि वडील जेवायला बसले की पोरं ऐकू शकतात. सोबत वहीच्या पानाचा फोटो, त्यावर १, २, ३ असे आकडे घाल, आवाजात म्हण "आता दोन नंबरचं गणित बघा." पहिला मेसेज तयार झाला की तीन पोरांना ऐकव आणि ती कुठं अडली ते लिहून मला पाठव, पुढच्या अंकात तिथून पुढं बघू.