शंभरपर्यंत आकडे येतात, मग शाळेत रमत का नाही?

“शंभरपर्यंत आकडे म्हणते, एबीसीडी गिरवते, घरी अखंड बडबड चालू असते. पण शाळेच्या फाटकाशी रडून गोंधळ घालते आणि डबा जसाच्या तसा परत आणते. शाळा बदलावी का?” ज्युनिअर केजीतल्या मुलीचे आईबाबा हा प्रश्न घेऊन आले, तेव्हा शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. दोघंही नोकरी करणारे. दिवसभर आजी सांभाळते. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

आधी वय पाहिलं. महाराष्ट्रात ३१ डिसेंबरपर्यंत ४ वर्षं पूर्ण होत असतील तर ज्युनिअर केजीत प्रवेश मिळतो. ही नोव्हेंबरची, म्हणजे जूनमध्ये जेमतेम ३ वर्षं ७ महिन्यांची. शेजारी बसणारं जानेवारीतलं मूल ४ वर्षं ५ महिन्यांचं असू शकतं. या वयात दहा महिन्यांचा फरक खूप मोठा असतो, तेव्हा “ती शेजारची बघ कशी जाते” हे वाक्य घरातून पूर्ण बंद करायला सांगितलं.

मग मुलीला तिचाच डबा उघडायला दिला. चारही बाजूंनी क्लिपा लागणारा, हवाबंद. एका क्लिपेखाली तिने बोट घातलं, झाकण हललं नाही, तशी तिने डबा आईकडे सरकवला. घरी आजी भरवते, समोर मोबाइल ठेवून. वर्गात एक बाई आणि एक मावशी. किती जणांचे डबे उघडणार आणि किती जणांना भरवणार? पोर रोज तीन तास उपाशी राहत होती आणि घरी आल्यावर सगळ्यांवर चिडत होती. संध्याकाळचा एक तास गिरवण्यात जात होता, पण डबा उघडायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

डबा बदलला: अंगठ्याने ढकलून उघडणारं एकच झाकण. त्यात अर्ध्या पोळीचा रोल, दोन-तीन तुकडे करून. शाळेत खाऊची सुट्टी साडेदहाला, म्हणून शनिवार-रविवारी घरीही त्याच वेळी, खाली बसून, पंधरा मिनिटं डबा खायचा. मोबाइल नाही. आजीने जवळ बसायचं, पण घास द्यायचा नाही. आजींना हे जड गेलं, “उपाशी राहील हो!” ही त्यांची भीती खरीच होती. म्हणून सकाळचा नाश्ता पोटभर द्यायचा ठरलं आणि मुलीबरोबर डबा भरायचं काम आजींकडे आलं.

दुसरी अडचण शूची. घरी कमोड, शाळेत भारतीय पद्धतीचं शौचकूप. पाय घसरेल म्हणून ती शू दाबून ठेवायची आणि त्यासाठी पाणीच प्यायची नाही. घरी आजीचे हात धरून उकिडवं बसायचा सराव केला, घट्ट लेगिंगऐवजी सैल इलॅस्टिकची चड्डी घातली, शाळा सुटल्यावर आईने तिथलं स्वच्छतागृह एकदा तिच्याबरोबर निवांत पाहिलं. खाऊच्या सुट्टीआधी मावशींनी तिला आठवणीने न्यावं, अशी बाईंना विनंती केली. असं शू दाबल्याने जळजळ किंवा बद्धकोष्ठता झाली तर मात्र आधी बालरोगतज्ज्ञ.

आणि निरोप. मुलगी माशांच्या टाकीकडे बघत असताना बाबा हळूच निघून जायचे. हे बहुतेक घरांत प्रेमापोटीच होतं, पण नुकसान मोठं होतं. नजर हटली की बाबा नाहीसे होतात हे तिला कळलं, आणि ती खेळण्यांकडे बघेनाशी झाली. आता क्रम ठरवला: एक मिठी, एक वाक्य (“खाऊ झाला, गोष्ट झाली, की आजी फाटकाशी येईल”), बाईंच्या हातात हात, आणि मागे न वळता निघायचं. सगळं मिळून मिनिटभर. “बारा वाजता येईन” याचा या वयात काही अर्थ लागत नाही. आजीने मात्र पाच मिनिटं आधीच हजर राहायचं. एकदा उशीर झाला तरी विश्वास डळमळतो.

तीनएक आठवड्यांत डबा अर्धा रिकामा येऊ लागला. सोमवारचं रडणं मात्र चालूच राहिलं, गणपतीच्या सुट्टीनंतर पुन्हा वाढलं. तसं होतंच, तेव्हा क्रम मोडायचा नाही.

बाबांनी शेवटी लिखाणाचं विचारलंच. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार ३ ते ८ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा आहे आणि त्यात भर खेळातून शिकण्यावर आहे. पेन्सिल धरण्याआधी बोटांत बळ हवं: मटार सोलणं, कणीक मळणं, कागद फाडून चिकटवणं. खडू द्यायचा तर तुटका, बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, म्हणजे तो चिमटीतच धरावा लागतो. गिरवण्याचा तास गेला आणि झोप तासभर अलीकडे आली. ३ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप लागते, आणि ही पोर अकराला झोपून साडेसहाला उठत होती.

आईबाबा गेल्यावरही रडणं थांबत नसेल, किंवा शाळेचा पहिला महिना उलटून गेल्यावरही मूल घरी बोलतं पण शाळेत महिनाभर एक शब्दही काढत नसेल, तर “होईल सवय” म्हणून थांबू नका. समुपदेशकाला किंवा बालरोगतज्ज्ञांना दाखवा. हाक मारल्यावर वळत नसेल तर कानांची तपासणीही त्याच आठवड्यात करून घ्या.